मोटार सुरू कां होत नाहीं? : दोष शोधण्याचा एक पाठ



रोगी दारांत आला म्हणजे जाणता वैद्य प्रथम औषधाची बाटली काढीत नाहीं. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, दुखणें केव्हांपासून आहे व कोणत्या वेळीं वाढतें हें विचारतो, आणि मग निदान करतो. मोटार बंद पडली असतां मात्र आपण याच्या नेमकें उलट वागतों. एक म्हणतो, "बॅटरी गेली", दुसरा म्हणतो, "सेल्फ गेला", तिसरा म्हणतो, "पेट्रोलांत कचरा असेल." मग एकामागून एक नवीं सामानें बसविलीं जातात, पैसा जातो, आणि गाडी पुन्हां दुसऱ्या दिवशीं हटून बसते. प्रस्तुत लेखांत मोटार दुरुस्त करण्याची विद्या शिकविण्याचा हेतु नाहीं. ती मिस्त्रींच्या हाताखालीं राहूनच येते. दोष शोधण्यासाठीं विचार कोणत्या क्रमानें करावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

हा विषय आपणां नाशिककरांस परका नाहीं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत मोटारी तयार होतात. इगतपुरीस एंजिनें तयार होतात. निफाड, पिंपळगांव, लासलगांव या भागांतील द्राक्षें व कांदा बाजारास नेणारी पिकअप सकाळीं सुरू झाली नाहीं, तर एका कुटुंबाचा त्या दिवसाचा भाव हातचा जातो. शिवाय आपल्या जिल्ह्याचें हवामानहि मोटारीची परीक्षा पाहणारें आहे. हिंवाळ्यांत निफाडकडे पारा पांच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पावसाळ्यांत इगतपुरीस दिवसचे दिवस धुकें व पाऊस हटत नाहीं. आणि वैशाखांत कसारा घाट चढतांना एंजिन तापून लाल होण्याची वेळ येते. थंडी, ओल व उष्णता या तिघी मोटारीच्या बहुतेक दुखण्यांच्या सख्ख्या बहिणी आहेत, हें ध्यानांत ठेवा.

थोडा पूर्वेतिहास

आरंभीच्या मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत. एंजिनानें उलटा झटका दिला कीं हँडल मारणाराचें मनगट मोडे. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग या संशोधकानें विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो प्रथम बसविण्यांत आला. त्या यंत्रास "सेल्फ स्टार्टर" असें नांव होतें. आपल्या मिस्त्रींच्या तोंडीं त्याचा "सेल्फ" झाला. आपल्याकडे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील फियाट व पुढें पद्मिनी या गाड्या दोन पिढ्यांनीं वापरल्या. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमच्या निघाल्या. पावसांत अशी गाडी अडली कीं तिचा ड्रायव्हर बोनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचें झांकण कोरड्या फडक्यानें पुशी; घाटांत अडली कीं पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेवी. पहिल्या उपायानें ओलीमुळें भलतीकडे पळणारी वीज ताळ्यावर येई. दुसऱ्यानें उष्णतेमुळें नळींत झालेली पेट्रोलची वाफ निवून पुन्हां द्रवरूप होई. त्या ड्रायव्हरास पदार्थविज्ञानाचें पुस्तक ठाऊक नसे. पण त्याचें निदान शास्त्रशुद्ध असे.

पहिला प्रश्न : एंजिन फिरतें कीं नाहीं?

"गाडी सुरू होत नाहीं" हें वाक्य अपुरें आहे. किल्ली फिरवितांच एंजिन सेल्फच्या जोरावर फिरतें काय? या एका प्रश्नानें अर्धें काम होतें. एंजिन फिरत नसेल किंवा रडत-कुंथत फिरत असेल, तर दोष बॅटरी, वायरी व सेल्फ यांकडे आहे; पेट्रोलचा विचार तूर्त करूं नये. एंजिन झपाट्यानें फिरतें पण पेट घेत नाहीं, अशी स्थिति असेल, तर बॅटरी व सेल्फ बहुधा निर्दोष आहेत. ठिणगी व इंधन यांकडे वळावें.

आतां एंजिन फिरत नाहीं असें धरूं. पुढचे दिवे लावा आणि एकानें किल्ली फिरवीत असतां दुसऱ्यानें दिव्यांकडे पाहावें. दिवे एकदम मंद होऊन "टिकटिक, टिकटिक" असा जलद आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलचा सांधा खराब आहे. दिवे जसेच्या तसे प्रखर राहून एकच "टक्" असा आवाज आला, तर सोलेनॉइडचे संपर्क किंवा सेल्फचे ब्रश झिजले असण्याचा संभव. दिवे प्रखर आणि आवाज मुळींच नाहीं, तर वीज सेल्फपर्यंत पोंचतच नाहीं. किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज आणि क्लच किंवा गिअरच्या जागीं असणारा सुरक्षिततेचा स्विच तपासावा. स्वयंचलित गिअरची गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्यें नसेल, तर ती सुरू होणारच नाहीं. हा दोष नव्हे, ही योजनाच आहे.

दिवे लागतात, मग बॅटरी चांगलीच ना?

हा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात, आणि त्याचें उत्तर तुमच्या ओहमच्या नियमांत आहे. मोटारीची बॅटरी सहा घटांची असते. पूर्ण भरलेला प्रत्येक घट सुमारें २.१ व्होल्ट देतो; म्हणून निवांत असलेली भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ च्या आसपास ती जवळजवळ अर्धी रिकामी झालेली असते. एंजिन चालूं असतां अल्टरनेटर तिला भरीत असतो, तेव्हां हाच आंकडा सुमारें १३.८ ते १४.५ असावा, तो १२.६ च्या खालींच राहिला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा.

आतां गणित करा. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी चढून तेथें केवळ ०.०२ ओहम रोध उत्पन्न झाला. पुढच्या दोन दिव्यांस सुमारें ९ अँपिअर प्रवाह लागतो. ९ ला ०.०२ नें गुणा, ०.१८ व्होल्ट वायां गेले. डोळ्यांस फरक दिसणार नाहीं. पण सेल्फला १५० अँपिअर लागतात. १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट त्या एका सांध्यांतच जळाले! सेल्फच्या वांट्यास काय उरलें? म्हणूनच दिवे झगझगीत आणि सेल्फ मुका, असा चमत्कार दिसतो. थंडींत बॅटरीची रासायनिक क्रिया मंदावते आणि एंजिनांतील तेल घट्ट झाल्यामुळें सेल्फला अधिक जोर लागतो. तेव्हां हा दोष पहांटे हटकून प्रकट होतो.

गेल्या कांहीं वर्षांतील एक उदाहरण सांगतों. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा भाजीचा टेंपो पहांटे सुरू होईना. ऊन पडल्यावर मात्र निमूटपणें सुरू होई. त्यांनीं नवी बॅटरी घेतली. गुण आला नाहीं. सेल्फ उघडून दुरुस्त करविला. गुण आला नाहीं. तिसरा खर्च करण्यापूर्वीं मुलानें शाळेच्या प्रयोगशाळेंतील मल्टिमीटर मागून नेला. एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटावर, दुसरें एंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून त्यानें वडिलांस किल्ली फिरविण्यास सांगितलें. तेथें आंकडा अगदीं लहान, ०.२ व्होल्टच्या आसपास, असावयास हवा; तो जवळजवळ २ आला. म्हणजे प्रवाह परतण्याच्या वाटेंतच अडथळा होता. एंजिन व सांगाडा यांस जोडणारी अर्थची वायर बोल्टाखालीं गंजली होती. पॉलिशपेपरानें जागा घासून बोल्ट आवळतांच टेंपो सुरू झाला. जें दोन मोठ्या खर्चांनीं झालें नाहीं, तें एका पॉलिशपेपरानें झालें. कारण यावेळीं अगोदर मोजलें व मग हात घातला.

फिरतें, पण पेट घेत नाहीं

पेट्रोलच्या एंजिनास चार गोष्टी लागतात : हवा, इंधन, ठिणगी, आणि या तिहींचा योग्य वेळीं मेळ. किल्ली पहिल्या टप्प्यावर नेतांच नव्या गाडींत इंधनाच्या टाकींतून पंपाची बारीक गुणगुण दोनएक सेकंद ऐकूं येते. ती आली नाहीं, तर पंपाचा फ्यूज व रिले पाहावा. समोरच्या फलकावर किल्लीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडीनें किल्ली ओळखली नाहीं असें समजून दुसरी किल्ली वापरून पाहावी. डिझेलच्या एंजिनास ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंतच इंधन पेटतें. म्हणून तेथें थंडींत हीटर प्लग तपासावेत, आणि टाकी कोरडी पडून लाइनींत हवा धरली असेल, तर ती काढून टाकावी.

१ एप्रिल २०२० पासून भारतांत बी. एस. ६ हें प्रदूषणाचें मान लागू झालें आहे. अशा गाड्यांतील संगणक दोषाचा क्रमांक नोंदवून ठेवतो व लहानशा यंत्रानें तो वाचतां येतो. परंतु क्रमांक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. "अमक्या सेन्सरची खूण मिळत नाहीं" एवढेंच तो सांगतो. सेन्सर बिघडला, कीं त्याची वायर तुटली, कीं उंदरानें ती कुरतडली, हें आपणच शोधावयाचें असतें. शेतावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदराचा संशय कधींहि सोडूं नये.

कधीं होतें, कधीं नाहीं

सर्वांत कठीण दोष हा. गाडी मिस्त्रीपुढें नेली कीं शहाण्या मुलासारखी वागते, आणि घाटांत मध्यरात्रीं बंद पडते. अशा वेळीं वही हें सर्वांत उत्तम हत्यार होय. दोष प्रत्येक वेळीं केव्हां दिसला, गाडी किती वेळ चालली होती, पाऊस होता काय, रस्ता खडबडीत होता काय, दिवे किंवा पंखा चालूं होता काय, हें लिहून ठेवावें. चार-पांच नोंदी झाल्या कीं त्यांतून एक सूत्र डोकें वर काढतें. अर्धा तास चालल्यावर बंद पडून, निवाल्यावर पुन्हां सुरू होत असेल, तर उष्णतेनें बिघडणारें सामान, जसें इग्निशन कॉइल किंवा क्रँकशाफ्टचा सेन्सर, तपासावें. पावसांतच अडत असेल, तर प्लगच्या वायरी व उघडे सांधे पाहावेत. खड्ड्यांत आदळतांच दिवे मिचकत असतील, तर ढिली वायर शोधावी.

मग जी परिस्थिति दोष आणते, तीच मुद्दाम निर्माण करावी. एंजिन चालूं ठेवून, फिरत्या व तप्त भागांपासून दूर राहून, वायरींचा एकेक जुडगा हळूच हलवावा. जेथें हलवितांच एंजिन अडखळतें, तेथें दोष. संशयित रिलेच्या जागीं त्याच गाडींतील त्याच जातीचा दुसरा रिले बसवून पाहावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशानें आला हें कधींच कळणार नाहीं.

उभ्या गाडीची बॅटरी वारंवार उतरत असेल, तर वीज कोठेंतरी झिरपत आहे. घड्याळ व कुलूप यांसाठीं ०.०५ अँपिअरपर्यंत प्रवाह वहाणें स्वाभाविक आहे. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला तो चार आठवडे पुरेल. पण डिकीचा दिवा विझतच नसेल आणि ०.५ अँपिअर वहात असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जाऊन तीच बॅटरी तिसऱ्या दिवशीं रिकामी होईल. एकेक फ्यूज काढून मीटरचा आंकडा कोठें पडतो हें पाहिलें कीं चोर सांपडतो.

सावधगिरी

हे प्रयोग वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालींच करावेत. गाडी न्यूट्रलमध्यें व हँडब्रेक ओढलेला असावा. अंगठी व कडें काढून ठेवावें. पदर, ओढणी व सैल बाह्या पंख्यापासून दूर ठेवाव्यात. बॅटरीतून हायड्रोजन वायु निघतो. तेथें काडी पेटवूं नये. वायर सोडतांना ऋण प्रथम, जोडतांना ऋण शेवटीं. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेतांना धन धनास जोडून, ऋणाचें शेवटचें टोंक बंद गाडीच्या एंजिनाच्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर लावावें. प्लगच्या वायरींत हजारों व्होल्ट दाब असतो. एंजिन फिरत असतां त्यांस हात लावूं नये. फ्यूजच्या जागीं चांदी किंवा खिळा घालणें म्हणजे गाडीस आग लावण्याचें निमंत्रण देणें होय. आणि दारें बंद असलेल्या गॅरेजांत एंजिन चालूं ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं, पण तो प्राण घेतो.

मित्रांनो, पाहणें, विचारणें, मोजणें, आणि मग एकच बदल करून पुन्हां पाहणें, हा या पाठाचा सारांश. ही रीत विहिरीच्या मोटरीस, घरांतील मिक्सरला व शिवणयंत्रासहि तितकीच लागू पडते. सुट्टींत घरच्या गाडीच्या बॅटरीचा दाब निवांत असतां, सेल्फ मारतांना व एंजिन चालूं असतां, असा तीनदां मोजून वहींत लिहून ठेवा. गाडी निरोगी असतांनाचे हे तीन आंकडे ज्याच्या घरीं लिहिलेले आहेत, त्यास ती आजारी पडल्यावर कोणी सहसा फसवूं शकणार नाहीं.