पाय थांबले, आतलं कुठं थांबलंय?

ताई, तुमचा लेक सहा वर्षांचा असतानाची येरमाळ्याची चैत्री यात्रा आठवते का? सगळं रान वाकून चुन्याचे खडे वेचत होतं. तुमच्या पठ्ठ्यानं दोन वेचले, तिसरा सोडून उधळला आणि पार आमराईत सापडला. येडेश्वरीच्या पायऱ्याही तो कधी चालत चढला नाही. पायाला भिंगरीच.

आता दहावीला आलाय. परवा तुम्ही म्हणालात, "निवळला बाई एकदाचा, बसतो एका जागी." मी टेबलाखाली बघत होते. गुडघा सारखा हलत होता. पेनाचं टोपण चावून चपटं झालेलं. भूमितीच्या वहीत 'पक्ष' लिहिलेला, 'साध्य' लिहिलेलं. 'सिद्धता' म्हटलं आणि खाली कोरं पान.

अतिचंचलतेचं असंच होतं. वयात येताना धावपळ ओसरते, आत तगमग उरते. लक्ष न टिकणं, विसरणं, मनात आलं की करून टाकणं हे पुष्कळ मुलांत तसंच राहतं. आणि आपण पळणं थांबलं म्हणून निर्धास्त होतो, मग मार्क घसरले की त्यालाच आळशी म्हणतो. मुलींचं तर आधीही कळत नाही. त्यांतल्या कितीतरी खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, आपण त्यांना गुणाच्या म्हणतो.

अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अतिचंचल मुलांच्या मेंदूच्या वाढीचा अभ्यास मांडला. वाढीचा जो टप्पा इतर मुलं साडेसातच्या सुमारास गाठतात, तो यांनी साडेदहाच्या सुमारास गाठला. वाढीचा क्रम बराचसा तोच, चाल सावकाश. शेजारच्या पोराशी तुलना करताना एवढं ध्यानात ठेवा.

दादा, तुम्हाला एकच सांगणं: मोटारसायकलची किल्ली लपवा. सोलापूर-धुळे महामार्ग दारात आहे आणि या मुलांना अपघाताचा धोका जास्त.

शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतं. त्यांच्या यादीत अतिचंचलतेचा त्रास आहे. त्यांना विचारा. डॉक्टरांनी गोळी दिलीच, तर शेजारणीच्या सांगण्यावरून बंद करू नका.

आज संध्याकाळी त्याच्याशेजारी नुसतं बसा. सिद्धतेची एक ओळ झाली की शेळ्यांना पाला टाकायला उठू द्या. परत आला की दुसरी. गुडघा हलला तर हलू दे.