खाणीतील खुणा आणि रानातील सायकलवाटा

बेल्जियमच्या ईशान्य टोकाला, नेदरलँड्सच्या सीमेला लागून लिम्बर्ग नावाचा प्रांत आहे. आपल्याकडील दोन-तीन तालुके एकत्र केले तर भरेल एवढाच त्याचा विस्तार. पाइनची बने, खुरट्या झुडपांची वालुकामय माळराने, तळी, फळबागा आणि कालवे यांनी हा मुलूख व्यापलेला आहे. आज या प्रांतात ग्रामीण भागातून व वनातून जाणाऱ्या सुमारे २,००० किलोमीटर सायकलमार्गांचे एकसंध जाळे आहे. या जाळ्याची मांडणी ज्या तत्त्वावर झाली ते तत्त्व पर्यटनशास्त्रातून आलेले नाही. ते कोळशाच्या खाणीतून वर आले. ग्रामविकासाच्या कामाशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास समजून घ्यावा असा आहे.

कोळशाचा उदय आणि अस्त

सन १९०१ मध्ये या प्रांतातील आस या गावी जमिनीच्या पोटात कोळसा सापडला. तोवर हा भाग गरीब शेतकऱ्यांचा, मेंढपाळांचा आणि रेताड माळांचा होता. पुढील काळात येथे सात खाणी उभ्या राहिल्या. खाणींबरोबर कामगारांच्या वसाहती, शाळा, रुग्णालये आणि रेल्वे आली. इटली, स्पेन, ग्रीस आणि १९६४ नंतर तुर्कस्तान व मोरोक्को येथून मजूर आले. आज लिम्बर्गच्या गावांतून दिसणारी बहुभाषिक वस्ती ही त्या काळाची देणगी आहे.

खाणींनी भूमीचे रूपही पालटले. बोगद्यांच्या छताला आधार देण्यासाठी लाकडी टेकूंची अतोनात गरज असे, म्हणून माळरानांवर पाइनची लागवड करण्यात आली. पाइनचेच लाकूड का, याचे कारण खाणकामगार मोठे मार्मिक सांगत. हे लाकूड तुटण्यापूर्वी करकरते. तो आवाज ऐकून माणसाला बाहेर पळण्यास अवधी मिळतो. सायकलस्वार आज ज्या बनांतून सावलीसाठी जातात, त्यांतील कित्येक बने मुळात टेकूंसाठी लावलेली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेल व स्वस्त आयात कोळशापुढे या खाणी टिकेनाशा झाल्या. १९६६ मध्ये झ्वार्टबर्ग येथील खाण बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा मोठा प्रक्षोभ उसळला आणि त्यात दोघांचा बळी गेला. १९८७ पासून उरलेल्या खाणी एकामागून एक बंद झाल्या आणि १९९२ च्या सप्टेंबरात झोल्डर येथील शेवटची खाणही थांबली. संपूर्ण बेल्जियमातील कोळसा-उत्पादन तेथेच संपले. जेथे दोन-तीन पिढ्यांनी जमिनीखाली आयुष्य घालविले, तेथे जमिनीवर काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला.

क्रमांकांची युक्ती

ह्यूगो बोलेन हे खाण-अभियंता होते. आपल्या परिसरात सायकलीने हिंडण्याची सोय व्हावी, असे त्यांना वाटत होते. त्या काळी सायकलमार्ग आखण्याची रूढ पद्धत अशी होती : एखादा चाळीस किलोमीटरचा फेरा ठरवावयाचा, त्याला नाव द्यावयाचे आणि सबंध वाटेवर त्या नावाचे फलक लावावयाचे. या पद्धतीत दोन अडचणी होत्या. पंधरा किलोमीटरवर थकलेल्या माणसाला मधूनच परतण्याची वाट सापडत नसे. आणि नवा फेरा आखला की जुन्याच खांबांवर आणखी एक फलक चढे. फलकांची गर्दी वाढे, प्रवाशाचा गोंधळही वाढे.

खाणीत अशी स्थिती चालणारी नव्हती. जमिनीखाली शेकडो मीटर खोल, अंधारात, फाट्यामागून फाटे फुटणाऱ्या बोगद्यांत माणसाला आपण कोठे आहोत हे क्षणार्धात कळावे लागते. म्हणून तेथे बोगदे जेथे मिळतात त्या ठिकाणांना क्रमांक दिलेले असत. बोलेन यांनी हीच रीत उजेडात आणली. त्यांनी मार्गांना नावे देण्याऐवजी तिठ्यांना व चौफुल्यांना क्रमांक दिले.

ही पद्धत समजण्यास फार सोपी आहे. समजा, एका चौफुलीचा क्रमांक ४१ आहे. तेथील फलकावर डावीकडे ४२, उजवीकडे ६७ आणि समोर ४० असे बाण दाखविलेले असतात. आपणास ६७ कडे जावयाचे असेल तर वाटेतील प्रत्येक वळणावर ६७ आणि बाण एवढेच दिसत राहते. तेथे पोहोचल्यावर पुढील क्रमांकांचे बाण मिळतात. घरून निघताना नकाशा पाहावयाचा, ४१-६७-७०-४२-४१ असे आकडे कागदाच्या चिठ्ठीवर लिहावयाचे आणि चिठ्ठी सायकलच्या हँडलला अडकवावयाची. दम लागला तर एखादा आकडा वगळून फेरा आखूड करता येतो, उत्साह असेल तर वाढविता येतो. फलकांचा संच एकच, परंतु त्यातून निघणाऱ्या मार्गांची संख्या मोजण्यापलीकडची. भाषा न जाणणाऱ्या पाहुण्यालाही आकडे वाचता येतात, हा आणखी एक लाभ.

१९९५ मध्ये लिम्बर्ग प्रांतात असे पहिले जाळे खुले झाले. पुढे शेजारच्या नेदरलँड्सने ही पद्धत उचलली, फ्लँडर्सच्या इतर प्रांतांत ती पसरली आणि जर्मनीच्या काही भागांतही पोहोचली.

जुन्या वाटा, थोडी नवी भर

या उपक्रमात नव्या रस्त्यांचे बांधकाम हा मुख्य भाग नव्हता, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. शेतांतून जाणारे अरुंद पक्के रस्ते, वनातील गाडीवाटा, कोळशाच्या जुन्या रेल्वेमार्गांची पट्टी आणि अल्बर्ट कालव्यासारख्या जलमार्गांच्या काठाने पूर्वी बोटी ओढण्यासाठी केलेल्या वाटा, हे सर्व आधीपासूनच होते. नव्याने करावयाचे होते ते तुटलेले दुवे सांधण्याचे काम. वाहनांची वर्दळ असलेला मोठा रस्ता शक्यतो टाळावयाचा आणि तो ओलांडावाच लागला तर सुरक्षित जागी, हे सूत्र पाळण्यात आले.

अलीकडच्या काळात मात्र प्रांताने काही देखण्या कामांवरही खर्च केला. २०१६ मध्ये बोक्रेक येथील तळ्यातून २१२ मीटर लांबीची एक वाट करण्यात आली; तिच्यावरून जाताना दोन्ही बाजूंचे पाणी सायकलस्वाराच्या डोळ्यांच्या पातळीवर येते आणि हंस अगदी शेजारून तरंगत जातात. २०१९ मध्ये हेख्टेल-एक्सेल येथील पाइनच्या बनात ७०० मीटरचा वर्तुळाकार मार्ग झाला. तो हळूहळू चढत जमिनीपासून १० मीटर उंचीवर, झाडांच्या शेंड्यांमध्ये नेतो. २०२१ मध्ये मासमेखेलन येथील माळरानावर जवळजवळ ३०० मीटरचा लाकडी पूल खुला झाला. या तिन्ही कामांची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे मोल दुय्यम आहे. छायाचित्र पाहून पाहुणा एकदा येतो. त्याला दुसऱ्या दिवशीही गावात थांबविण्याचे काम तो आकड्याचा साधा फलकच करतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सायकलवाटांनी खाणकामगारांना त्यांचे रोजगार परत दिले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. खेंक शहरात १९६४ पासून चाललेला मोटारींचा मोठा कारखाना हा त्या भागाचा दुसरा आधार होता. तोही २०१४ च्या डिसेंबरात बंद पडला. सायकलवाटांनी जे दिले ते निराळे आहे. वाटेवरच्या उपाहारगृहांना, फळबागांना आणि घरगुती निवासांना गिऱ्हाईक मिळाले. आणि खाणीच्या दगडमातीचे जे डोंगर लाजेची खूण वाटत होते, त्यांच्यावर चढून लोक आता भोवतालचा प्रदेश न्याहाळतात.

आपल्या भूमीवरील विचार

आपल्याकडेही विदर्भात कोळसा आणि वन शेजारी-शेजारी नांदतात. परंतु तुलना जपून करावयास हवी. लिम्बर्गच्या रानात वाघ नाही. २०१८ मध्ये शंभराहून अधिक वर्षांनी तेथे एक लांडगीण परतली, तेव्हा त्या घटनेची देशभर चर्चा झाली. चंद्रपूर जिल्ह्यात पहाटे मोहफुले वेचावयास जाणाऱ्या बाईला जो धोका असतो, तो सायकलवर वाकून बसलेल्या, आवाज न करता येणाऱ्या माणसालाही असतो. अभयारण्यात व व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रात सायकलमार्गाचा विचारही करू नये; इतर वनातही वनविभागाच्या संमतीवाचून आणि पहाटे-सायंकाळच्या वेळा वगळल्यावाचून तो करू नये.

परंतु वनाबाहेरचे क्षेत्र विस्तीर्ण आहे. पाणंद रस्ते, शिवरस्ते, कालव्यालगतच्या वाटा, नदीकाठच्या गाडीवाटा यांची आपल्या गावांत वाण नाही. आपल्या दप्तरात इतर जिल्हा मार्गांना आणि ग्रामीण मार्गांना क्रमांकही आहेत. मात्र ते अंदाजपत्रकात लिहिण्यासाठी असतात, वाटसरूला वाचण्यासाठी नसतात. शिवाय, अशा वाटेचा पहिला हक्कदार शहरातून येणारा हौशी सायकलस्वार नव्हे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या असंख्य मुलींना सायकली मिळाल्या आहेत. त्यातील पुष्कळ मुली उसाच्या ट्रॅक्टरांच्या आणि वाळूच्या मालमोटारींच्या सोबतीने, खडीच्या कडेवरून शाळा गाठतात. मधल्या पाणंदीवरचे अतिक्रमण निघाले, ओढ्यावर एक नळ-मोरी पडली आणि पावसाळ्यात चिखल होणार नाही इतपत मुरूम पसरला, तर हीच मुलगी मुख्य रस्त्याला न लागता शाळेत पोहोचेल. पाहुणे पुढे आले तर येतील.

शिक्षकांना यात मोठा वाव आहे. सातवी-आठवीच्या वर्गाने शिवाराचा नकाशा काढून तिठ्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक दोन तिठ्यांमधील अंतर पावलांनी मोजावे. भूगोल, गणित आणि गावाची ओळख यांचा असा मेळ दुसऱ्या कोणत्या पाठात क्वचितच सापडेल. ग्रामसभेपुढे हा नकाशा ठेवला म्हणजे कोणता दुवा तुटलेला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

राहता राहिला देखभालीचा प्रश्न, आणि आपल्याकडे योजना बहुधा येथेच अडखळते. लिम्बर्गमध्ये फलकांची पाहणी गावोगावचे स्वयंसेवक करतात. प्रत्येकाकडे ठरावीक तुकडा असतो. तो अधूनमधून सायकलने फिरून येतो, वेलींनी झाकलेला बाण मोकळा करतो आणि एखादा खांब वाकला वा चोरीस गेला तर तसे कळवितो. जागेचे वर्णन करीत बसण्याची त्याला गरज पडत नाही. त्याने क्रमांक सांगितला की पुरे.