लाल बावटा आणि दीड दिवसाचा गणपती

उमेदीची वर्षं मुंबईच्या लालबाग-परळमध्ये, गिरणी कामगारांच्या कम्युनिस्ट चळवळीत गेली. त्यातून जे उमगलं, ते जमेल तसं सांगतो. क्रम लावलाय, पण त्याला फारसा अर्थ नाही.

१. बोनससाठी आपल्यामागे येणारा माणूस मतालाही आपल्यामागे येतो, असं नाही. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या आणि हरल्या. शिवसेनेचा पहिला आमदार, वामनराव महाडिक, लाल बालेकिल्ल्यातून निवडून आला. आमचे वडीलधारे मालकांना, काँग्रेसला, दहशतीला बोल लावत. ते खोटं नव्हतं. पण गेटवर कामगार आमचा असायचा आणि चाळीत शिरला की तो कुणाचातरी भाऊ, कोकणातला, मराठी, मंडळाचा वर्गणीदार व्हायचा. गेटच्या आतल्या आठ तासांचं राजकारण आम्हाला पाठ होतं. उरलेले सोळा तास आम्ही खाजगी समजत होतो.

२. इटलीचा मार्क्सवादी विचारवंत ग्रामची वाचून शहाणपण येतं, पण सवड मिळाली तर. तुरीनच्या कामगारांनी १९२० मध्ये कारखाने ताब्यात घेतले आणि दोनच वर्षांत मुसोलिनी सत्तेवर आला. हे कसं घडलं, हा प्रश्न ग्रामचीने पुढे तुरुंगातल्या वह्यांमध्ये उकलला. सत्ता नुसत्या दांडक्यावर टिकत नाही, लोकांच्या रोजच्या समजुतींत मुरून ती संमती मिळवते, असं त्याचं म्हणणं. यावर आम्ही अभ्यासवर्ग ठेवला. तो पुढे ढकलावा लागला, कारण व्याख्याते गणपतीला गावी गेले होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मीही गेलो होतो. आमचा दीड दिवसाचा असतो.

३. वर्चस्व नेहमी वरूनच येतं असं नाही. हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि अजून सलतं. गिरणीत साचेखात्याचा, म्हणजे विणकामाचा, पगार चांगला, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावं लागे आणि त्याला थुंकी लागे, म्हणून. हा विटाळ मालकाला होत नव्हता, त्याला कापडाशी मतलब. तो होत होता शेजारच्या साच्यावरच्या कामगाराला. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाच्या संपात ते आणि कम्युनिस्ट एकत्र आले खरे, पण ती सोबत टिकली नाही. आमच्या शिबिरांत १९३८ चा उल्लेख अभिमानाने व्हायचा. १९२८ ची थुंकी कुणी काढत नसे.

४. ज्याला आपण मागास म्हणतो, तेच कधी आपल्याला पोसतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप इतका लांबला तो काही आमच्या भाषणांवर नाही. गावाकडचे तांदूळ आणि बायकांनी मिळेल ते काम धरून चालवलेल्या चुली, यांवर. गाव म्हणजे सरंजामशाहीचं घर, असं मी पोटतिडकीने बोलायचो, तेही बहुधा त्याच तांदळाचा भात जेवून.

५. कला आपल्याकडे मुक्कामाला येते, कायमची राहत नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशा आणि पोवाडा कामगारांच्या बाजूने उभा केला. त्याआधी जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून त्यांना कुळवाड्यांचा राजा म्हणून मांडलं होतं. एवढी शिदोरी असून पुढे डफ आणि महाराज दोन्ही दुसऱ्यांच्या मंचावर गेले. कुणी हिसकावून नेले, असं म्हणायला सोपं जातं. मला वाटतं, आम्हाला पत्रकं काढायची घाई होती.

आता १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीला कधीमधी बोलायला बोलावणं येतं. मंडळाच्या फलकावर ज्या पक्षाचे चेहरे असतात, त्याला आम्ही जन्मभर विरोध केला. मी जातो. दहा मिनिटं देतात, मग डीजे.