जवसाचे काड पेटवण्याआधी

फेब्रुवारी सरत आला की जबलपूर भागात जवसाची बोंडे तपकिरी पडू लागतात. दाणा घरात आला की काडाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ते चिवट असते, लवकर कुजत नाही, रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळून बसते. मग लावली जाते काडी! हाच चिवटपणा कंपोझिट बनवणाऱ्यांना मात्र हवा असतो. युरोपात मोटारीच्या दारांचे आतले पॅनेल जवसाच्या काडातले तंतू प्लास्टिकमध्ये दाबून करतात. काचतंतूची घनता पाण्याच्या 2.5 पटीच्या आसपास, या तंतूची 1.5 पट, म्हणजे पॅनेल हलके.

आपल्याकडचे बहुतेक वाण तेलासाठीचे. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या सागर केंद्राचे ‘जेएलएस’ वाणही त्यातलेच. त्यांचे काड आखूड, फांद्या जास्त, तंतू जाडाभरडा. लिननच्या कापडाला तो चालायचा नाही, पॅनेलला चालतो. उतेरा पद्धतीने, म्हणजे उभ्या धानात फेकलेल्या जवसाचे काड मात्र बारीक आणि विरळ; त्याच्या नादी लागू नका.

हार्वेस्टर काडाचे तुकडे करतो, म्हणून विळ्याने जमिनीलगत कापा. पेंढ्या बांधा आणि बोंडांची बाजू तेवढी बडवून दाणा झाडा. देठ शाबूत राहिले पाहिजेत. साल सुटावी म्हणून थंड मुलखात काड शेतातच दवावर पसरून मुरवतात. मार्चच्या आपल्या कोरड्या हवेत ते जमणे नाही. म्हणून पाण्याच्या टाक्यात पेंढ्या बुडवा, वर दगड ठेवा. तिसऱ्या दिवसापासून रोज एक काडी काढून मोडून पाहा. आतला लाकडी भाग सुटून साल बुडख्यापासून शेंड्यापर्यंत अखंड निघाली, की त्याच दिवशी सगळे काड बाहेर काढा. त्यापुढे तंतूच कुजू लागतो.

टाक्यातले पाणी नर्मदेत, ओढ्यात किंवा गावतळ्यात सोडू नका. ते पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे मरतात. कंपोस्टच्या खड्ड्यावर ओता. तंतू कडकडीत वाळवा, कारण ओलसर तंतूला पॅनेलचे प्लास्टिक नीट धरत नाही आणि साठवणीत बुरशी येते.

आता पैशाचे. काडाच्या वजनात तंतू 10 ते 20 टक्केच, त्यात झोडपण्या-सोलण्याची मजुरी. म्हणून टाके भरण्याआधी गिऱ्हाईक पक्के करा; नमुन्याची पेंढी दाखवा, भाव आणि ओलाव्याची अट लिहून घ्या. गिऱ्हाईक नसेल तर काड बारीक करून शेणकाल्यासोबत खड्ड्यात भरा. पेटवू तेवढे नका.