मातीपासून हेलसिंकीपर्यंत : मल्ल खाशाबा जाधव
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी चरित्रपाठ आणि त्याचे अध्यापन)

उद्देश : (१) स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या मल्लाचा मुलांना परिचय करून देणे. (२) शरीरबळाच्या जोडीला नियमित सराव, नियमांचे ज्ञान व समाजाचे साहाय्य यांची आवश्यकता असते, हे मुलांच्या मनावर ठसविणे.

प्रस्तावना : पराक्रमी पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या विजयाचे वर्णन रंगते आणि विजयामागील कष्ट एका वाक्यात आटोपतात. त्यामुळे पराक्रम ही जन्मतः लाभणारी देणगी आहे, असा मुलांचा समज होतो. हा समज दूर करणे हे शिक्षकाचे काम होय. खाशाबांचे चरित्र त्यासाठी विशेष उपयुक्त आहे. पाठाचा आरंभ मुलांच्या अनुभवापासून करावा. नागपंचमीच्या सुमारास भरणारी कुस्त्यांची दंगल कोणी पाहिली आहे, हार-जीत कशी ठरते, पंच कोण असतो, असे प्रश्न विचारून मुलांना बोलते करावे.

विषय-विवेचन : खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरीच मिळाले. पुढे कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये व नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. कोल्हापूर हे तालमींचे शहर. अभ्यास सांभाळून तेथे त्यांनी आपली कुस्ती घडविली. अंगाने ते आडदांड नव्हते. चपळाई हेच त्यांचे बळ होते आणि ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता. मोठ्या देहाच्या मल्लाला लहान चणीचा मल्ल कसा चीत करतो, हे मुलांना येथे समजावून सांगावे.

१९४८ साली लंडन येथे ऑलिम्पिक सामने झाले. कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने खाशाबा तेथे गेले. तोवर त्यांचा सारा सराव मातीत झालेला होता. मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की निकाल होतो. गादीवरच्या कुस्तीत चीत करण्याखेरीज गुणही मोजले जातात, वेळेचे बंधन असते व मल्लांचे वजनगट ठरलेले असतात. या अपरिचित पद्धतीतही बावीस वर्षांच्या खाशाबांनी सर्वांत हलक्या, म्हणजे ५२ किलोच्या गटात सहावा क्रमांक मिळविला. या पराभवाने ते खचले नाहीत. आपले काय उणे पडले ते त्यांनी ओळखले आणि पुढील चार वर्षे ते उणे भरून काढण्यात घालविली.

१९५२ सालचे सामने फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी येथे होते. प्रवासाचा खर्च मोठा आणि खाशाबांच्या घरची स्थिती बेताची. गावकऱ्यांनी आपापल्या परीने वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यावर शिक्षकाचा किती विश्वास असू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच आढळेल.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना त्यांनी हरविले. पुढे जपानच्या शोहाची इशी याच्याशी त्यांची दीर्घ झुंज झाली व तीत ते थोडक्यात हरले. त्यांच्या चरित्रकारांनी यानंतरचा एक प्रसंग नोंदविला आहे. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विसावा मिळावा, असा नियम होता. परंतु ती झुंज आटोपताच त्यांना सोव्हिएत संघाच्या राशिद मामेदबेकोव्ह याच्यासमोर उभे करण्यात आले. नियमावर बोट ठेवून त्यांची बाजू मांडणारा कोणीही भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, सोव्हिएत मल्लाला रौप्य व खाशाबांना कांस्य पदक मिळाले.

त्याच सामन्यांत भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले होते. परंतु एकट्याने मिळविलेले स्वतंत्र भारताचे पहिले पदक खाशाबांचेच. असे दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. ते टेनिसपटू लिअँडर पेस यांनी मिळविले.

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाड स्टेशनापासून त्यांची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार ओसरल्यावर मात्र त्यांनी पहिले काम केले ते कर्ज फेडण्याचे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली आणि मिळालेल्या रकमेतून प्राचार्यांचे घर सोडविले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. दीर्घकाळ बढतीवाचून सेवा केल्यानंतर ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. मृत्यूनंतर सोळा वर्षे उलटल्यावर त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला आणि २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून ठरविला. हा पाठ त्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात घेणे सोयीचे होईल.

अध्यापनाची दिशा : सिंदी (रेल्वे) येथील मुलांना स्टेशन रोजच्या परिचयाचे आहे आणि तान्ह्या पोळ्यातील सजविलेले लाकडी बैल तर त्यांच्या जिव्हाळ्याचे. तेव्हा स्टेशनापासून गावापर्यंत १५१ बैलगाड्या ओळीने उभ्या केल्या तर ती ओळ किती लांब होईल, हे गणित त्यांना सोडवावयास द्यावे. एका गाडीची लांबी मुलांनी स्वतः मोजून आणावी. नकाशावर सिंदी, कऱ्हाड, लंडन व हेलसिंकी ही ठिकाणे शोधून घ्यावी.

विदर्भालाही व्यायामाची थोर परंपरा आहे, हे सांगण्यास विसरू नये. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती.

प्रत्यक्ष व्यायाम घेताना मुलांचे वय ध्यानात ठेवावे. सूर्यनमस्कार, बैठका, धावणे व दोरीवरच्या उड्या एवढे पुरेसे आहे. जड ओझी उचलण्याची स्पर्धा लावू नये आणि वजनगटात बसण्यासाठी कोणा मुलास उपाशी राहू देऊ नये. कुस्ती घ्यावयाची असल्यास जमीन खणून भुसभुशीत करावी आणि सारख्या वजनाच्या मुलांच्याच जोड्या लावाव्या.

शिक्षकांनी स्वतःसाठी घ्यावयाचा बोध त्या अर्ध्या तासाच्या विसाव्यात आहे. केंद्रावरील वा तालुक्याच्या सामन्यांत खेड्यातील मूल परक्या मैदानावर उभे असते. नियम काय आहे आणि दाद कोणाकडे मागावी, हे त्याला ठाऊक नसते. त्याच्यासोबत गेलेल्या शिक्षकाने नियमपुस्तिका वाचलेली असावी आणि सामना संपेपर्यंत मैदान सोडू नये. खर्डेकरांप्रमाणे घर गहाण टाकणे सर्वांनाच साधणार नाही. मुलाच्या पाठीशी उभे राहणे मात्र प्रत्येकास साधेल.

स्वाध्याय :
(१) मातीतली व गादीवरची कुस्ती यांतील तीन भेद लिहा.
(२) लंडनच्या पराभवानंतर खाशाबांनी काय केले?
(३) गावकऱ्यांनी व प्राचार्यांनी खाशाबांना कोणते साहाय्य केले? त्याची परतफेड त्यांनी कशी केली?
(४) १९५२ ते १९९६ ही किती वर्षे होतात? तेवढ्या काळात किती लीप वर्षे आली, ते मोजा.
(५) आपल्या गावातील जुन्या मल्लास भेटा व त्यांचा रोजचा व्यायाम विचारून दहा ओळी लिहा.