वेल डन मागवलं तर बिघडलं कुठं?

प्रश्न : मी मगरपट्ट्यात नोकरी करतो, राहायलाही हडपसरमध्येच, गाडीतळाजवळ. मध्यंतरी ऑफिसच्या पार्टीला मुंढव्याच्या एका हॉटेलात गेलो होतो. परदेशातून आलेल्या साहेबांनी स्टेक मागवला, म्हणून मीही मागवला. वेटरने ‘कसा हवा?’ असं विचारल्यावर मी ‘वेल डन’ म्हणालो. त्यावर साहेब म्हणाले, ‘मग चामडंच खायचं होतं!’ सगळे हसले. साहेबांच्या ताटात मात्र लाल पाणी सुटलं होतं आणि ते बघून मला घास जाईना. आमच्या घरी आजी मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजवते आणि आम्ही बोटं चाटून खातो. मग आमची चव अडाणी म्हणायची का? ते लाल पाणी म्हणजे रक्तच ना? आणि घरी बोकडाचा असा स्टेक करता येईल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : आधी लाल पाण्याचं सांगतो, कारण त्यानेच तुमचा घास अडवला. ते रक्त नव्हे. जनावर कापल्यावर रक्त बहुतेक सगळं वाहून जातं. मांसात उरतं ते पाणी आणि त्यात विरघळलेलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन. स्नायूला लागणारा प्राणवायू ते धरून ठेवतं आणि त्याचा रंग लाल असतो. जो स्नायू जास्त राबतो, जे जनावर वयाने मोठं असतं, त्यात ते जास्त. म्हणून म्हशीचं मांस गडद, बोकडाचं त्याहून फिकं आणि ब्रॉयलर कोंबडीची छाती जवळजवळ पांढरी. मांस साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की हे प्रथिन मोडायला लागतं, रंग गुलाबी होतो आणि पुढे ७५ च्या आसपास राखाडी-तपकिरी. आजीच्या पातेल्यातल्या मटणातही हेच लाल पाणी असतं. ते रश्श्यात उतरतं आणि शिजून रंग बदलतं, एवढंच.

वेटर जे विचारत होता तो मुळात मांसाच्या मध्यभागाच्या तापमानाचा प्रश्न. मध्यभाग ५० ते ५२ अंशांवर असताना उतरवला तर रेअर, ५५ ते ५७ ला मीडियम रेअर, ६० ते ६३ ला मीडियम, ६५ ते ६८ ला मीडियम वेल, ७१ च्या वर वेल डन. म्हणजे साहेबांचा मीडियम रेअर धरला, तर त्यांच्या आणि तुमच्या आवडीत पंधरा-सोळा अंशांचं अंतर होतं. या पंधरा अंशांत घडतं मात्र बरंच. पन्नाशीच्या पुढे मायोसिन हे प्रथिन घट्ट होतं आणि कच्च्या मांसाचा लिबलिबीतपणा जातो. ६६ च्या पुढे ॲक्टिन आवळायला लागतं आणि तंतूंमधलं पाणी पिळून बाहेर पडतं. मऊ तुकड्याचा स्टेक वेल डन केला की कोरडा का होतो, त्याचं कारण हे. एवढ्यापुरतं साहेबांचं म्हणणं खरं आहे.

पण त्यांनी तुमच्या आजीच्या मटणावर निकाल दिला असेल, तर तो साफ चुकीचा आहे. ती आणि हॉटेलातला आचारी दोन वेगळी मांसं शिजवतात.

रविवारी सकाळी हडपसरमधल्या कुठल्याही मटणाच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभे राहा. खाटिक विचारतो, ‘पुठ्ठा देऊ का मांडी? सीना घालू थोडा?’ पुढची बाई सांगते, ‘चरबी कमी घाला, दोन नळ्या टाका आणि पीस बारीक नको.’ तिला गर्दन, सीना, नळी असं सगळं मिसळून हवं असतं, कारण रस्सा त्यानेच होतो. हे सगळे राबणाऱ्या जनावराचे राबणारे अवयव. त्यांच्या तंतूंभोवती कोलॅजनची आवरणं असतात. साठ-पासष्ट अंशांना कोलॅजन आक्रसतं आणि मांस उलट चिवट होतं. म्हणजे मीडियमच्या आसपास सीना खायला घ्याल, तर तो चघळतच बसाल. सत्तरीच्या पुढे, तेही तासन्‌तास ठेवलं, तर हेच कोलॅजन विरघळून जिलेटीन होतं. रस्सा ओठांना किंचित चिकटतो, गार झाल्यावर थरथरतो, तो त्याच्यामुळे. तंतूंतलं पाणी तर केव्हाच गेलेलं असतं. जिलेटीन आणि चरबी तोंडात ओलावा आणतात म्हणून मटण कोरडं लागत नाही. आजीने मांस ‘जास्त’ शिजवलेलं नसतं, त्या मांसाला जेवढं लागतं तेवढंच शिजवलेलं असतं.

यात एक उंचीची गोष्टही आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात बोकड शिजायला तास-दीड तास जातो, जून असलं तर त्याहून जास्त. कुकरमध्ये दाबाखाली तापमान १२० च्या जवळ जातं आणि तेच काम शिट्ट्यांवर मोजता येतं.

आणि सगळ्यात मोठा फरक आहे तो वेळेचा, चुलीवरच्या नव्हे, कापल्यापासूनच्या. आपल्याकडे पहाटे कापलेलं बोकड दुपारच्या जेवणात असतं. जनावर मेल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि हा ताठरपणा उतरायला दिवस लागतो. युरोप-अमेरिकेत स्टेकचं मांस शून्य ते चार अंशांच्या थंडीत आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त मुरवतात. त्या काळात स्नायूतलीच कॅल्पेन नावाची विकरं तंतू हळूहळू तोडत राहतात. साहेबांच्या गावचा मीडियम रेअर मऊ लागतो त्यामागे हे आठवडे असतात. ताज्या मांसाला तो वेळ मिळालेला नसतो, मग उरलेलं काम विस्तवाने करायचं. ज्या मुलखात शीतगृहं नव्हती आणि उन्हाळा चाळिशीला टेकतो, तिथे मांस त्याच दिवशी कापून, त्याच दिवशी नीट शिजवून संपवणं हे शहाणपण होतं. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने एकदा मे महिन्यात इथे बिनफ्रिजचं राहून बघावं.

तुमच्या भागात तर जनावर कुठलं, हाही प्रश्न घरोघरी वेगळा. केसनंदच्या पुढे वाडेबोल्हाई गाव आहे. तिथली बोल्हाई ज्यांची कुलदेवता, त्या घरांत बोकड वर्ज्य आणि मेंढीचं मटण चालतं. म्हणून हडपसर, वाघोली, लोणी या पट्ट्यात दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण’ अशा पाट्या दिसतात. मेंढीच्या मांसात चरबी जास्त, त्यामुळे ते बोकडापेक्षा मऊ लागतं आणि शिजवणारा त्याला वेळही कमी देतो. एकाच गल्लीत दोन घरांच्या शिट्ट्या वेगळ्या असतात त्या यामुळेसुद्धा.

आपल्याला फक्त गाळ शिजवता येतो, हेही खरं नाही. आजीला विचारा, कलेजी ती केव्हा घालते. मटण शिजत आल्यावर, शेवटी. लवकर टाकली तर ती भुसभुशीत आणि कडक होते, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. संध्याकाळी अंडाबुर्जीच्या गाडीवर ‘हाफ फ्राय, वरून कच्चा ठेव’ म्हणणारा आणि शेजारी ‘फुल फ्राय, दोन्ही बाजूंनी’ म्हणणारा, दोघेही हडपसरचेच आणि त्यांना कुणी हसत नाही. भाजलेल्या मांसाचीही आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मांसाचे तुकडे मसाला लावून, सळईला टोचून निखाऱ्यावर भाजण्याची कृती येते. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच.

आता तुमच्या ताटातल्या स्टेककडे येऊ. महाराष्ट्रात गाईच्या हत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ मध्ये दुरुस्ती अमलात आली आणि बैल व वळूही त्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम मात्र रद्द केलं. त्यामुळे इथल्या हॉटेलात ‘बीफ स्टेक’ म्हणून येतं ते सहसा म्हशीचं. म्हैस कापायलाही ती दुधाला, वेताला किंवा ओढकामाला उपयोगी नाही, असा दाखला लागतो. म्हणजे कायद्यानेच ते जनावर बहुतेकदा वयाने मोठं असणार. मोठ्या वयाच्या म्हशीचं मांस गडद, बिनचरबीचं आणि दाट तंतूंचं. चांगला आचारी स्टेकसाठी पाठीच्या कण्याखालचा टेंडरलॉइनचा पट्टा घेतो, कारण तो स्नायू जन्मभर फारसा राबत नाही आणि जून जनावरातही मऊ राहतो. पण त्यात चरबीच नसल्याने तो पासष्टीच्या पुढे झपाट्याने कोरडा पडतो. तुम्हाला लाल रंग नको असेल, तर पुढच्या वेळी मीडियम वेल सांगा. आत जेमतेम गुलाबी छटा राहते, पाणी गळत नाही आणि मांस वेल डनइतकं कोरडं पडत नाही. तापलेल्या लोखंडी ताटलीवर चरचरत येणारा सिझलर असेल तर आणखी एक पायरी अलीकडचं सांगा. ताटली टेबलावरही मांस शिजवत असते आणि बोलता बोलता मीडियमचं वेल डन होतं.

आणि यातलं काहीच न पटून वेल डनच खावंसं वाटलं, तर खा. पैसे तुमचे, जीभ तुमची. इथिओपियात लोक कच्च्या खिम्याचं किटफो सणाला चवीने खातात आणि अर्जेंटिनात गोमांस जाळावर तासन्‌तास भाजतात. कुणी कुणाला खालचं ठरवायचं कारण नाही. जेवणाच्या टेबलावर बरोबरच्या माणसाच्या ताटाला हसणं मला फार वाईट वाटतं, मग हसणारा साहेब असो की पाहुणा.

एका बाबतीत मात्र आवडीनिवडीला जागा नाही, ती म्हणजे खिमा, मग तो किटफोचा का असेना. अखंड तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः बाहेरच्या अंगाला, आणि बाहेरचं अंग तव्यावर दीडशे अंशांच्या पुढे तापतं. म्हणून धडधाकट माणसाला आतून गुलाबी स्टेक सहसा बाधत नाही. खिमा करताना बाहेरचं सगळं आत जातं. अमेरिकेत १९९३ मध्ये एका मोठ्या साखळीच्या अर्धकच्च्या बर्गरमधून ई. कोलाय पसरला आणि चार मुलं दगावली. तिथलं कृषी खातं अखंड तुकड्याला ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती, खिम्याला ७१ आणि कोंबडीला ७४ अंश सांगतं. खिमापाव, कबाब, बर्गर, काहीही असो, आतून गुलाबी दिसलं की परत पाठवा. सुया टोचून मऊ केलेलं मांसही याच हिशेबात धरा, कारण सुईबरोबर जंतू आत जातात.

राहिला घरचा स्टेक. पुठ्ठ्याच्या किंवा मांडीच्या नादी लागू नका, चाप घ्या. पाठीवरचा तो स्नायू फार राबलेला नसतो. खाटिकाला सांगा, ‘कोवळ्या बोकडाचे चाप, हाडासकट, दोन बोटं जाड ठेवा, ठेचू नका.’ हे सांगावंच लागेल, नाहीतर सवयीने तो पातळ कापून सुरीच्या पाठीने ठेचतो. सकाळी लवकर, दुकान उघडताच आणा आणि एक रात्र फ्रिजमध्ये खालच्या खणात झाकून ठेवा म्हणजे ताठरपणा उतरेल. कच्च्या पपईची पेस्ट लावायची असेल तर अर्ध्या तासाच्या वर नको. पपईतलं पपेन वरचा थर असा मोडतं, की चावायला काही उरतच नाही. मीठ तासभर आधी लावा. भाजण्यापूर्वी चाप पुसून कोरडे करा, कारण ओल्या मांसाला रंग चढत नाही. बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवा, थोडं तेल, एकेक बाजू दोन-तीन मिनिटं, मग चरबीची कड तव्यावर उभी धरा.

शिजलं की नाही हे बोटाने दाबून ओळखायच्या फंदात पहिल्यांदाच पडू नका. स्वयंपाकाचा टोचणीचा थर्मामीटर हल्ली कुठेही मिळतो. तो बाजूने, हाडाला न टेकवता, मध्यापर्यंत घाला आणि ६३ दिसले की चाप उतरवा. पाच मिनिटं तसेच राहू द्या. या पाच मिनिटांत आतलं तापमान आणखी दोन-तीन अंश चढतं. वरून लिंबू, जाडसर मिरपूड. घरात कुणी गरोदर असेल, लहान मूल असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती आजाराने खालावलेली असेल, तर त्यांच्या वाट्याचे चाप तव्यावर झाकण ठेवून ७१ च्या पुढे न्या. शेळ्या-मेंढ्यांच्या कच्च्या मांसातून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी शरीरात जाऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला धोक्याचा असतो. बाकीचे दोन चाप त्रेसष्टवर उतरवा, दोन सत्तरीवर, आणि आजीला दोन्ही वाढून बघा.