पाण्याची परीक्षा : नमुन्याची रीत

मातीचा नमुना बांधावरून घेतला, तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीहि काटेकोर असला तरी व्यर्थ होय, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. पिण्याच्या पाण्यासहि हाच न्याय लागू आहे.

अमेरिकेंतील मिशिगन राज्याच्या फ्लिंट शहरानें खर्च वांचविण्यासाठीं एप्रिल २०१४ मध्यें डेट्रॉइटचें पाणी सोडून फ्लिंट नदीचें पाणी घेतलें. हें पाणी नळ अधिक झिजविणारें असूनहि त्यांत गंजरोधक द्रव्य घातलें नाहीं. म्हणून जुन्या नळांतील शिसें पाण्यांत उतरूं लागलें. शिशानें लहान मुलांच्या मेंदूस अपाय होतो. आणि पाण्यांतील शिसें रंगावरून किंवा रुचीवरून ओळखतां येत नाहीं.

परीक्षा होत होती. परंतु नमुन्याच्या आदल्या रात्रीं तोटी कांहीं वेळ वाहूं द्यावी, अशी सूचना घरोघर दिलेली होती. तेणेंकरून सांठलेलें शिसें आधींच वाहून जाई. शिवाय, २०१५ च्या पहिल्या सहामाहींतील ७१ नमुन्यांपैकीं जास्त शिशाचे दोन वगळले गेले. शेंकडा ९० नमुने ज्याच्या आंत येतात तो आंकडा त्यामुळें दर अब्ज भागांत १८ वरून ११ वर उतरला. कारवाईची मर्यादा १५ होती!

रहिवाशांनीं व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या साह्यानें स्वतंत्र नमुने तपासविले, तेव्हां खरी स्थिति उघड झाली. ऑक्टोबर २०१५ मध्यें शहरानें पुनः डेट्रॉइटचें पाणी घेतलें.

तात्पर्य, पाण्याचा अहवाल हातीं आला म्हणजे तीन प्रश्न विचारावे : नमुना कोठून घेतला? कसा घेतला? कोणते नमुने वगळले व कां? ‘पाणी शुद्ध आहे’ एवढें एक वाक्य म्हणजे अहवाल नव्हे.